खेळातलं नाव बदलायला पैसे का लागतात?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ही पोराटोरांची गोष्ट, हिच्यासाठी अख्खा भाग कशाला? मलाही प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा तो किरकोळ वाटला होता. पण त्यामागे मला एक पत्र आलं आहे आणि ते किरकोळ नाही.

आधी भाव सांगतो. एक्सबॉक्सवर खेळणाऱ्याच्या नावाला गेमरटॅग म्हणतात. तो पहिल्यांदा फुकट बदलता येतो. त्यानंतर दर वेळी अमेरिकेत ९ डॉलर ९९ सेंट पडतात, म्हणजे आपल्या आठ-नऊशे रुपयांच्या घरात. प्लेस्टेशनवरही पहिला बदल फुकट, पुढे तोच ९.९९ डॉलरचा भाव, आणि प्लसचे वर्गणीदार असाल तर निम्मा. रोब्लॉक्स १,००० रोबक्स घेतं. आपल्याकडे घरोघरी खेळल्या जाणाऱ्या बीजीएमआयमध्ये नाव बदलण्याचं एक कार्ड असतं. सुरुवातीला ते खेळता खेळता हाती लागतं, ते संपलं की दुकानातून १८० यूसीला घ्यायचं. क्लॅश ऑफ क्लॅन्सची तऱ्हा आणखी वेगळी: पहिला बदल फुकट, दुसऱ्याला ५०० जेम्स, आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी आणखी ५००.

दुसरीकडे स्टीमवर दिसणारं नाव तुम्ही दिवसातून चार वेळा बदला, कोणी एक पैसा मागत नाही. माइनक्राफ्टवरही फुकट, फक्त एकदा बदललं की तीस दिवस थांबायचं.

काम एकच. मग एका दारात तिकीट आणि दुसऱ्या दारात मोकळा प्रवेश, असं का?

आता ते पत्र. बडोद्याच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांची मुलगी तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिने वडिलांच्या फोनवर एका गेमचं खातं उघडलं, तेव्हा नाव, आडनाव आणि शेवटी जन्मवर्ष असं यूजरनेम ठेवलं. लहान मुलं असंच ठेवतात, कारण नुसतं नाव टाकलं की ‘हे आधीच घेतलेलं आहे’ असं उत्तर येतं. परवा खेळताना कोणा अनोळखी माणसाने तिला शाळेचं नाव विचारलं. तिने सांगितलं नाही. दोन दिवसांनी तोच माणूस तिच्या मावशीच्या इन्स्टाग्रामवर येऊन पोचला, कारण आडनाव तसं सरसकट सापडणारं नाही. ताई नाव बदलायला गेल्या तर गेमने पैसे मागितले. त्यांचे प्रश्न दोन. आपलंच नाव बदलायला पैसे कशाचे? आणि भरले तर तो माणूस सुटेल का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पण पहिला समजल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून थोडं आत शिरू. मी बरीच वर्षं डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

गावाकडे शेत असेल तर सातबारा तुम्ही पाहिलेला असतो. वर गट क्रमांक, खाली खातेदाराचं नाव. आजोबा गेले, वारसनोंद झाली, फेरफार पडला, आजोबांच्या नावाला कंस झाला आणि वडिलांचं नाव लागलं. गट क्रमांक मात्र तोच राहिला. विहीर, पीकपाणी, बँकेचा बोजा, सगळं त्या क्रमांकाला चिकटलेलं असतं. नाव ही त्या क्रमांकापुढची एक नोंद. नाव बदललं म्हणून विहीर बुजवून नव्याने खणावी लागत नाही.

आता कल्पना करा, कोणी गट क्रमांक दिलाच नाही. शेताची ओळख म्हणजे मालकाचं नाव, बस्स. तलाठ्याकडे नाव, सोसायटीच्या वहीत नाव, बँकेच्या बोज्यावर नाव, मोजणीच्या नकाशावर नाव. मग एक नाव बदलायचं तर चार कचेऱ्या एकाच वेळी हलवाव्या लागतील, आणि त्यातल्या एकीने जरी उशीर केला तरी शेत हवेत लटकेल.

गेमच्या सर्व्हरवर हेच दोन प्रकार असतात. खात्याला आतून एक न बदलणारा क्रमांक असेल आणि तुमची हत्यारं, पातळी, मित्र, विकत घेतलेले पोशाख असं सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं असेल, तर नाव बदलणं म्हणजे एका ओळीतला एक रकाना बदलणं. पण नाव हाच क्रमांक मानून सगळं बांधलं असेल, तर तो भिंतीतला पायाचा दगड झाला. तो ओढून काढता येत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण प्लेस्टेशन. त्यांचं नेटवर्क नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झालं. नाव बदलायची सोय सर्वांसाठी आली एप्रिल २०१९ मध्ये. बारा वर्षांहून जास्त काळ! ज्यांनी पंधराव्या वर्षी काहीतरी अचरट नाव घेतलं होतं, ते त्याच नावाने सत्तावीस वर्षांचे झाले. खेळणारे सतत मागणी करत होते, पण गेम लिहिणाऱ्या कंपन्या ढीगभर, आणि कोणी कुठे ते नाव किल्लीसारखं वापरलं असेल याचा नेम नाही. सोय आली तीही इशाऱ्यांसकट. १ एप्रिल २०१८ नंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेले पीएस४ चे गेम नाव बदलणं सोसतील अशा बेताने बनवलेले होते. त्याआधीच्या काही गेममध्ये खेळाची प्रगती, ट्रॉफ्या, इतकंच काय, पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसुद्धा जाऊ शकतात असं कंपनीने स्वतःच सांगून ठेवलं. काही बिघडलं तर जुन्या नावावर फुकट परत जाण्याची वाट ठेवली ती त्यामुळेच.

माइनक्राफ्टने हाच पेच आधी सोडवला. त्याच्या जावा आवृत्तीत पूर्वी सर्व्हरवरच्या याद्या नावाने चालत. कोणाला आत घ्यायचं, कोणाला हाकललं आहे, सगळं नावाने. २०१४ मध्ये त्यांनी प्रत्येक खात्याला बत्तीस अक्षरांकांची एक कायमची ओळख लावून घेतली, आणि ते काम मार्गी लागल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये नाव बदलणं खुलं केलं. फुकट.

आणि लीग ऑफ लेजंड्स. तिथे नाव बदलायला पूर्वी १,३०० आरपी लागत, किंवा खेळून साठवलेले १३,९०० ब्लू इसेन्स. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी जुनी पद्धत मोडून सगळ्यांना रायट आयडीवर आणलं. यात नावापुढे एक छोटी शेपटी असते, त्यामुळे एकाच नावाचे दहा जण सुखाने नांदू शकतात. आता ठरावीक दिवस गेले की बदल विनामूल्य. कंपनी तीच, काम तेच, फक्त घराची बांधणी बदलली आणि भाडं गेलं.

म्हणून माझं मत असं की जिथे आतून क्रमांक आहे, तिथे ते आठ-नऊशे रुपये बदलाच्या खर्चाचे नसतात. सर्व्हरला त्या रकान्याचा खर्च विचाराल तर चहाच्या एका घोटाइतकाही येणार नाही.

मग कशाचे? कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदी पोकळ नाही. खेळात माणसाची पत नावावर ठरते. ‘हा चीटिंग करतो’, ‘ही शिव्या देते’, ‘हा चांगला साथीदार आहे’ हे लोक नाव बघून लक्षात ठेवतात. नाव रोज फुकट बदलता आलं तर सकाळी घाण करायची आणि संध्याकाळी नवा सदरा घालून यायचं, हे सोपं होईल. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये नेमक्या याच विषयावर एक निबंध लिहिला होता: टोपणनाव स्वस्त असण्याची समाजाला पडणारी किंमत. त्यांचा मुद्दा असा की नाव टाकून नवं घेणं फुकट असेल तर प्रत्येक नवख्याकडे संशयाने बघावं लागतं, आणि ही किंमत भामट्याला पडत नाही, प्रामाणिक नवख्याला पडते. उपाय म्हणून त्यांनी प्रवेशाला फी लावण्याचाही विचार केला आहे.

पण इथे एक बारीक फरक आहे. त्यांचा मुद्दा आहे नवी ओळख घेण्याचा. त्याच खात्याचं नाव बदलताना कंपनीसाठी ओळख बदलतच नाही. क्रमांक तोच, आधीच्या तक्रारी त्याच, बंदीही त्याच क्रमांकावर. फसतात फक्त समोरचे खेळणारे. आणि त्यांच्यासाठी लगाम हवा असेल तर तो वेळेचाही घालता येतो: तीस दिवस थांब, नव्वद दिवस थांब. वेळ सगळ्यांकडे सारखा असतो. पैशाचा लगाम श्रीमंत घरच्या उपद्रवी मुलाला लागतच नाही. तो वडिलांच्या कार्डावर महिन्यात तीनदा नाव बदलतो. चांगल्या नावांचा तुटवडा हे दुसरं कारण सांगतात, पण शेपटीच्या युक्तीने ते जवळजवळ मिटलं आहे. एक्सबॉक्सनेही २०१९ मध्ये ती उचलली.

उरतं ते दुकान. रोब्लॉक्सचंच घ्या. नाव बदलायला १,००० रोबक्स. बरीच वर्षं मोबाइलवर रोबक्सची पाकिटं होती ४००, ८०० आणि १,७०० ची. हजाराचं पाकीटच नाही! ८०० आणि ४०० घेतलं तर २०० उरतात, आणि उरलेले २०० खिशात खुळखुळत राहतात ते पुढच्या खरेदीसाठी. रुपयाचं आधी जेम्स, यूसी, रोबक्स असं नाणं करायचं आणि मग त्या नाण्यात भाव सांगायचा, यामागची मेख हीच की नेमके किती रुपये गेले हे चटकन डोक्यात येत नाही. मुलांच्या तर अजिबातच नाही.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. पैसे भरले, नाव बदललं, तर तो माणूस सुटेल का?

नाव बदललं म्हणजे जुनं पुसलं असं नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाला कंस होतो, ते खोडरबराने जात नाही. गेममध्येही तसंच. रोब्लॉक्सवर यूजरनेम बदललं तरी आधीची नावं प्रोफाइलवर बघता येतात. स्टीमवर अलीकडची जुनी नावं दिसतात, मात्र ती यादी पुसण्याचं बटण तिथेच असतं आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. माइनक्राफ्टमध्ये कोणाच्याही नावाचा इतिहास बाहेरच्या संकेतस्थळांवर बघता येत असे. २०२२ मध्ये त्यांनी खेळणाऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन तो झरा बंद केला, आणि मला तो निर्णय पटतो. ज्याने लिंगबदलानंतर नाव टाकलं आहे, जिने सासरचं आडनाव टाकलं आहे, किंवा जी कोणाला तरी टाळते आहे, त्यांच्यासाठी जुन्या नावाची यादी म्हणजे मागे सोडलेला ठसा असतो.

शिवाय मित्रयादी. तो माणूस एकदा मित्रयादीत आला असेल तर त्याच्याकडे नाव नाही, तुमच्या खात्याचा क्रमांक आहे. तुम्ही नाव बदललंत की त्याच्या यादीत नवं नाव आपोआप झळकेल. आठशे रुपये भरून तुम्ही त्याला नवा पत्ता स्वतः कळवलात, असं होईल! बीजीएमआयमध्ये खेळाडूचा आकडी आयडी असतोच. तो ज्याने लिहून ठेवला त्याला नावाची गरज नाही.

म्हणून ताई, क्रम उलटा करा. आधी त्या माणसाचे संदेश आणि प्रोफाइल यांचे स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. मग त्याला मित्रयादीतून काढा आणि ब्लॉक करा, मग गेममध्येच तक्रार नोंदवा. अनोळखी लोकांचे संदेश आणि मित्रविनंत्या बंद करा, आणि खात्याला काही जोडलेलं असेल, फेसबुक वगैरे, तर त्याची दृश्यता तपासा. हे सगळं झाल्यावर नाव. शाळेबद्दल विचारणं, मग नातेवाइकाच्या खात्यावर येणं, हे मी तरी उगीच मानणार नाही. १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी लोकांना माहीत असतो, पण केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलं आणि स्त्रियांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. तिथे लिहा. मुलीला मात्र रागावू नका. तिने शाळेचं नाव सांगितलं नाही, आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं.

आणि पैशाचं म्हणाल, तर दुकानात जाण्याआधी एक पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला टाका. भारतात सेवा देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना २०२१ च्या आयटी नियमांनुसार असा अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. पत्रात सरळ लिहा: हे अल्पवयीन मुलीचं खातं आहे, यूजरनेममध्ये तिचं खरं नाव आणि जन्मवर्ष आहे, त्यामुळे तिला त्रास झाला आहे, सुरक्षिततेसाठी नाव बदलून द्यावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याचा उल्लेख केला की फी माफ होईलच असं आश्वासन मी देत नाही. पण अशी विनंती दुकानाच्या बटणातून केली तर ती हौशी गिऱ्हाइकाची ठरते, आणि तक्रार म्हणून केली तर तिची नोंद होते.

माझ्या मते कंपन्यांनी ही दोन दारं मुळातच वेगळी ठेवायला हवीत. मला ‘वाघोबा’चा ‘शेरखान’ व्हायचं असेल तर खुशाल पैसे घ्या, ती माझी हौस आहे. पण खरं नाव उघडं पडलं म्हणून जो ते झाकू पाहतो, त्याच्यासमोर भावपत्रक धरणं मला बरं दिसत नाही. उघडं नाव किती टोचतं हे या धंद्याला माहीत नाही असंही नाही. जुलै २०१० मध्ये ब्लिझार्डने आपल्या चर्चामंचांवर सर्वांची खरी नावं दाखवायचं जाहीर केलं होतं. एवढा गदारोळ उठला की तीन दिवसांत कंपनीने बेत मागे घेतला. तेव्हा ओरडणाऱ्यांत मोठी माणसं होती. अकरा वर्षांच्या मुलांच्या वतीने असं कोण ओरडणार?

एक सावधगिरीची सूचना. ‘फुकट नाव बदलून देतो’, ‘फुकट यूसी मिळवा’ असे व्हिडिओ आणि दुवे भरपूर फिरतात. खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की समजा, नावासकट खातंही गेलं.

आता नवं नाव कसं असावं? आडनाव नको, जन्मवर्ष नको, शाळा, गाव, पिनकोड नको, आणि दुसरीकडे कुठे वापरलेलं नाव तर अजिबात नको, कारण लोक एकाच नावाने चार ठिकाणी शोधतात. दोन असंबद्ध शब्द जोडले की झालं. ‘चटणीविमान’ कोणाचं आहे हे जगात कोणालाही शोधता येणार नाही. पक्कं करण्याआधी मुलांनी ते मोठ्याने म्हणून बघावं, कारण साथीदार तेच नाव माइकवर ओरडणार असतात.

मराठीत नाव घ्यायचं असेल तर तीही सोय काही ठिकाणी आहे. एक्सबॉक्सच्या २०१९ च्या नव्या गेमरटॅगमध्ये देवनागरी चालते. फक्त अक्षरांची मोजदाद करताना गंमत होते. ‘प्रतीक्षा’ हे नाव आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचं दिसतं. संगणक मात्र प, हलन्त, र, त, दीर्घ वेलांटी, क, पुन्हा हलन्त, ष आणि काना अशी नऊ चिन्हं साठवतो. जिथे मर्यादा चिन्हांवर मोजली जाते तिथे बारा जागांत असं जोडाक्षरी नाव एकच मावेल. ‘कमल’ला मात्र तीनच जागा पुरतात. तेव्हा देवनागरीत नाव घ्यायचं असेल तर जोडाक्षरं कमी असलेलं निवडा, आणि पहिला फुकटचा बदल हाताशी असेल तर तो खर्च करण्याआधी नाव एकदा कागदावर लिहून चिन्हं मोजून घ्या.